रेल्वेची नकोशा मालाची सेवा: ब्रेकव्हॅनमधून दिलेला अभिप्राय

रात्रीचे सव्वाअकरा. मालगाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर उभी, पुढचा सिग्नल लाल, आणि माझ्या ब्रेकव्हॅनच्या, गार्डाच्या शेवटच्या डब्याच्या, पुढे ओल्या, मीठ लावलेल्या कातड्यांच्या चार वाघिणी, म्हणजे मालाचे डबे. यार्डात शंटिंग करणाऱ्याने त्या मुद्दाम इंजिनापासून लांब, शेपटाला जोडल्या होत्या. ड्रायव्हरसाहेबांची सोय झाली. गार्डाचं कोण बघतो?

त्या लुपात मी सात तास दहा मिनिटं काढली. शेजारच्या मेन लाइनवरून एकामागून एक पॅसेंजर गाड्या गेल्या. प्रत्येक गाडी गेली की वाऱ्याचा झोत यायचा आणि दोन मिनिटं जरा बरं वाटायचं. मग पुन्हा तेच. वाघिणीच्या तळातून खारं पाणी ठिबकत होतं, त्याचा टप-टप आवाज मला अजून आठवतो. नोकरीची पस्तीस वर्षं मी मालगाडीच्या शेवटी बसून काढली. हॉटेलं, मोबाइल, मिक्सर यांच्याबद्दल लोक पानंच्या पानं लिहितात. मी ज्या सेवेच्या मागे बसून आयुष्य घालवलं तिच्याबद्दल मात्र ग्राहकाचा एक शब्द कुठे वाचला नाही. कारण उघड आहे. हाडं, प्रेतं, लीद आणि गटाराचा गाळ यांना अभिप्राय लिहिता येत नाही, आणि ते पाठवणाऱ्याला ते पुन्हा कधी आठवायचेही नसतात.

म्हणून हे काम माझ्याकडे आलं. जी सेवा तपासतोय ती एका रेल्वेची किंवा एका देशाची नाही. कोणालाच जवळ नको असलेला माल उचलून दुसरीकडे नेण्याची, जगभरातल्या रेल्वेने गेली पावणेदोनशे वर्षं दिलेली सेवा. निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता, मिळेल ते वाचत गेलो. निम्मं वाचलेलं, निम्मं नाकाने शिकलेलं.

आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे रेल्वेवर उगाच राग धरला जाणार नाही. रेल्वेला माल निवडता येत नसे. ब्रिटनमध्ये रेल्वे कायद्याने 'कॉमन कॅरियर' होती: दरपत्रकातलं भाडं भरून कोणी माल आणला तर तो न्यायलाच हवा. ते बंधन १९६२च्या कायद्याने सुटलं. अमेरिकेत विषारी क्लोरीनच्या टाक्या रेल्वे कंपन्यांना नको असतात, पण तिथे हे बंधन अजून आहे. मालबाबू वजन विचारतो, अंतर विचारतो, वर्ग पाहतो. वासाला रकाना नाही.

आता सेवेकडे. सगळ्यात उत्तम कोणी दिली, असं विचाराल तर मी बिनदिक्कत लंडनच्या प्रेतगाडीचं नाव घेईन.

शहरातली दफनभूमी भरून वाहायला लागली, कॉलऱ्याच्या साथी येऊन गेल्या, तेव्हा एका कंपनीने सरळ शहराबाहेर सुमारे ३७ किलोमीटरवर, ब्रुकवुडला, प्रचंड मोठी स्मशानभूमी घेतली आणि १८५४च्या नोव्हेंबरात वॉटर्लूजवळून तिथपर्यंत गाडी सुरू केली. लंडन नेक्रोपोलिस रेल्वे. स्वतःचं वेगळं स्टेशन, शवपेट्या फलाटाच्या उंचीवर चढवायला वाफेवर चालणारी लिफ्ट, आणि तिकिटं तीन वर्गांची. जिवंतांचीही तीन, मेलेल्यांचीही तीन. जिवंताला परतीचं तिकीट, मेलेल्याला एकेरी. एवढं अचूक दरपत्रक मी नोकरीत पाहिलं नाही. पहिल्या वर्गातल्या प्रेताला एक पौंड, म्हणजे वीस शिलिंग, दुसऱ्या वर्गातल्याला पाच शिलिंग, तिसऱ्या वर्गातल्याला अडीच. जादा पैशात काय मिळायचं, तर पेटी जास्त काळजीने हाताळली जायची आणि तिच्या कप्प्याची सजावट बरी असायची. पोहोचण्याच्या वेळेत फरक नाही, हे मी एक मालगाडीवाला म्हणून खात्रीने सांगतो. शेवटी सगळे कप्पे एकाच इंजिनामागे.

वर्गावरून आधी भांडणही झालं होतं. १८४२ मध्येच लंडनचे बिशप ब्लॉमफिल्ड यांनी संसदेच्या समितीपुढे हरकत घेतली की, रेल्वेने प्रेतं नेली तर एखाद्या उधळ्या, बदफैली माणसाचं प्रेत एखाद्या सभ्य धार्मिक माणसाच्या प्रेताबरोबर एकाच डब्यात जाईल. त्यावर तोडगा काढला तो असा: वर्गही वेगळे आणि पंथही वेगळे. स्मशानात दोन स्टेशनं बांधली, एक अँग्लिकनांसाठी, दुसरं बाकी सगळ्यांसाठी. मार्शलिंग यार्डात, डबे क्रमाने लावायच्या जागी, काम केलेल्या माणसाला हे वाचून घाम फुटेल. तीन वर्ग गुणिले दोन पंथ, आणि डबा चुकला तर तक्रार थेट चर्चमध्ये!

भाडं कायद्यातच लिहिलेलं असल्यामुळे ते वाढवणं कंपनीच्या हातात नव्हतं. पहिल्या वर्गाचं परतीचं तिकीट सहा शिलिंगांना. नेहमीच्या गाडीपेक्षा ते पुढे इतकं स्वस्त पडायला लागलं की, त्या भागात गोल्फ खेळायला जाणारे लोक शोकाचा काळा पोशाख करून या गाडीने जायचे, असं सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते. गाडी सुतकी पण प्रवासी खूश, असं आमच्या खात्यात कधी घडलं नाही.

या कंपनीचं एक घाऊक काम मात्र लोक विसरतात. १८६२ मध्ये लंडनमध्ये रेल्वेमार्ग पुढे वाढवताना मध्ये जुनी दफनभूमी आली. तिथले सुमारे ७,९५० देह उकरून, २२० मोठ्या पेट्यांत भरून ब्रुकवुडला हलवले. म्हणजे रेल्वेने आधी स्वतःच जागा रिकामी करवली आणि तो मालही रेल्वेवरच चढला. धंदा असावा तर असा.

१९४१च्या एप्रिलमध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात लंडनचं ते स्टेशन उद्ध्वस्त झालं आणि ही सेवा थांबली ती कायमची. सिडनीलाही अशीच गाडी होती, रूकवुडच्या स्मशानापर्यंत. तिथलं शहरातलं वालुकाश्माचं स्टेशन अजून उभं आहे. स्मशानातलं एक स्टेशन १९५८ मध्ये दगड न् दगड सुटा करून कॅनबेराला नेलं आणि त्याचं चर्च बांधलं. प्रेतगाडीला माझे पाचपैकी पाच. माल वेळेवर, वाटेत थांबा नाही, उतरवून घेणारी माणसं हजर. हा शेवटचा मुद्दा नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हाडांना मी साडेचार देतो. अर्धा गुण का कापला ते सांगतो. सुकलेल्या हाडांना फार वास नसतो. मी स्वतः हाडांच्या वाघिणींमागे अनेकदा बसलो. भुकटी उडते, दाताखाली कचकच येते, उतरल्यावर मिशी पांढरी दिसते. पण जीव घुसमटत नाही. वाईट असतात ती घाईघाईत भरलेली, अजून मांस चिकटलेली हाडं, आणि व्यापारी ती नेहमी सुक्या हाडांच्या खाली भरतो.

हाडांची प्रचंड वाहतूक अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात झाली. बायसन मारून कातडी नेली, हाडं तिथेच पांढरी पडली. मग जमीन कसायला आलेल्या लोकांनी ती वेचून रुळांच्या कडेला ढीग लावले. साखर शुद्ध करायला हाडांचा कोळसा लागे, शेतीला खत लागे. अ‍ॅचिसन, टोपीका अँड सँटा फे या एकाच रेल्वेचे आकडे छापलेले आहेत आणि मी ते वहीत उतरवून ठेवलेत. १८७२: कातडी १,६५,७२१, हाडं ११,३५,३०० पौंड (हे वजनाचे पौंड). १८७३: कातडी २,५१,४४३, हाडं २७,४३,१०० पौंड. १८७४: कातडी ४२,२८९, हाडं ६९,१४,९५० पौंड.

पुन्हा एकदा वाचा. मालबाबूच्या नजरेने पाहिलं तर १८७४ हे झकास वर्ष, टनेज वाढलेलं. पण कातडी अडीच लाखांवरून बेचाळीस हजारांवर कोसळली, कारण त्या पट्ट्यात मारायला जनावर उरलं नव्हतं. हाडं वाढली, कारण मागच्या दोन वर्षांचं सगळं जमिनीवर पडलेलं होतं. रेल्वेच्या वह्यांत एका प्राण्याचा शेवट असा दोन रकान्यांत दिसतो आणि ते भरणाऱ्या कारकुनाला बहुधा फक्त बेरजेची काळजी होती. कॅनडातलं रेजायना शहर रेल्वे येण्याआधी 'हाडांचा ढीग' याच नावाने ओळखलं जायचं.

जिवंत गुरांबद्दल थोडक्यात. त्यांची ने-आण मला कधीच आवडली नाही, कारण माल ओरडतो. अमेरिकेत १८७३ मध्ये कायदा करावा लागला की, सलग अठ्ठावीस तासांपेक्षा जास्त वेळ जनावरं डब्यात कोंडून ठेवायची नाहीत, उतरवून चारा-पाणी आणि विश्रांती द्यायची. कायदा लागतो याचाच अर्थ त्याआधी काय चाललं होतं ते समजा. आणखी गंमत अशी की हा त्रास संपवायचा उपाय आला तेव्हा रेल्वेलाच तो नको होता. शिकागोच्या गुस्टाव्हस स्विफ्टने १८७८च्या सुमारास बर्फाच्या गार डब्यातून कापलेलं मांस पाठवायला सुरुवात केली. जिवंत जनावराच्या वजनातलं जवळपास निम्मं शेवटी टाकाऊ ठरतं, तेवढं भाडं रेल्वेचं बुडणार. शिवाय गुरांचे डबे आणि वाटेतले कोंडवाडे यांत पैसा घातलेला. मोठ्या कंपन्यांनी अंग चोरलं. गुरांचा धंदा फारसा नसलेल्या ग्रँड ट्रंक रेल्वेने तो माल घेतला. रेल्वेने शेण-मूत वाहायचं सोडलं नाही, कारण शेण-मुतालाही वजन असतं. दोन गुण, आणि तेही गुरांचे डबे धुऊन चुना मारणाऱ्या कामगारांना.

चुन्यावरून आठवलं. डबा धुण्याकडे दुर्लक्ष ही या सेवेची जुनी खोड आहे. आमच्याकडे एकदा कातड्यांची वाघीण रिकामी झाली, कोणीतरी पाण्याचा एक पाइप फिरवला, आणि पुढच्या फेरीला तिच्यात पिठाची पोती भरली. पीठ वास असा ओढून घेतं की बस. दावा लागला, चौकशी बसली, माझाही जबाब झाला. 'वाघीण स्वच्छ होती का?' मी म्हटलं, दिसायला स्वच्छ होती. जबाबात तेवढंच लिहिलं गेलं.

आता ज्या मालाचं नाव चारचौघांत घेत नाहीत त्याकडे येतो. १९४४ मध्ये टोकियोत ट्रकला इंधन नव्हतं, हाताखाली माणसं नव्हती आणि शहराचे शौचकूप भरलेले. तेव्हा आज सेइबु म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रेल्वेच्या मार्गांवरून मैल्याच्या टाक्या रात्री उपनगरांतल्या शेतांकडे नेल्या जात. लोक तिला सोन्याची गाडी म्हणायचे. रात्री न्यायची, शेतकऱ्याला हवी आहे, तो वाट बघतोय, सकाळपर्यंत टाकी रिकामी. चार गुण द्यायला माझी काहीच हरकत नाही.

न्यूयॉर्कची गोष्ट याच्या उलट. सांडपाण्याचा गाळ ते शहर समुद्रात टाकत असे. १९८८च्या कायद्याने ते बंद करायचं ठरलं आणि १९९२ मध्ये खरंच बंद झालं. मग गाळ रेल्वेवर चढला. टेक्सासमधल्या सिएरा ब्लांका नावाच्या छोट्या गावाजवळच्या माळावर तो २००१ पर्यंत जात राहिला. मधलं अंतर किती, ते नकाशात बघा. गाळासाठी देश ओलांडणारी गाडी.

आणि मग २०१८. न्यूयॉर्क-न्यूजर्सीकडचाच गाळ, या वेळी अलाबामातल्या एका कचराभूमीकडे निघालेला. रुळांवरून उतरवून शेवटचा टप्पा ट्रकने करायचा. हे उतरवणं आधी वेस्ट जेफरसन गावात चालायचं. गावकरी कोर्टात गेले, मनाई आणली. तेव्हा गाडी पुढे सरकून पॅरिश नावाच्या, जेमतेम हजार वस्तीच्या गावात उभी राहिली. मुलांच्या बेसबॉल मैदानाजवळ. जवळपास एक कोटी पौंड गाळ, शेकडो कंटेनर, आणि फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत गाडी तिथेच. दोन महिने!

मी सात तासांत रडकुंडीला आलो होतो, म्हणून पॅरिशची बातमी वाचली तेव्हा हातातला चहा खाली ठेवला. लोक म्हणाले, रेल्वेने घाण आणली. घाण तर सगळीकडे वाहून नेली जाते, रोज, आणि ज्यांच्या दारावरून जाते त्यांना कळतही नाही. ताशी चाळीसने जाणाऱ्या गाडीचा वास एका फाटकावर अर्धा मिनिट टिकतो. वास उभ्या गाडीला येतो. टोकाला माल घेणारा हजर नसेल तर गाडी उभी राहते, आणि ती कुठे उभी राहील हे ज्याच्याकडे वकील नाही त्याचं गाव ठरवतं. प्रेतगाडीला पाच का दिले ते आता कळलं असेल. पॅरिशच्या फेरीला शून्य, आणि शून्याखाली जायची सोय असती तर तीही वापरली असती.

वासाचा आणखी एक तोटा आहे, तो फक्त गार्डांना ठाऊक. गार्डाचं नाक हे कामाचं हत्यार. अ‍ॅक्सल तापला, बेअरिंगमधलं तेल संपलं, की आधी करपट, तेलकट वास येतो. धूर आणि ठिणग्या नंतर. ओल्या कातड्यांमागे बसल्यावर हे हत्यार बोथट होतं. एकदा हॉट अ‍ॅक्सल मला वासाने कळलाच नाही, वळणावर लाल ठिणगी दिसली म्हणून लाल दिवा दाखवला. गाडी थांबल्यावर बघतो तर अ‍ॅक्सलची पेटी लालबुंद.

त्यामुळे मिसिसॉगाचा अपघात मी फार बारकाईने वाचला. कॅनडा, १० नोव्हेंबर १९७९, मध्यरात्रीच्या जरा आधी. १०६ डब्यांची गाडी, त्यात प्रोपेन आणि क्लोरीनच्या टाक्या. जुन्या पद्धतीच्या एका बेअरिंगला पुरेसं वंगण नव्हतं. अ‍ॅक्सल तापला, तुटला आणि चाकांची जोडी कोणाच्या तरी परसात जाऊन पडली. पुढे डबे घसरले, प्रोपेनचे स्फोट झाले, क्लोरीनची टाकी फुटली. दोन लाखांहून जास्त माणसं घराबाहेर काढावी लागली. एकही मेलं नाही. गाडीवरच्या एका ब्रेक्समनने, म्हणजे ब्रेक सांभाळणाऱ्या कामगाराने, आगीजवळ जाऊन धड असलेले पुढचे डबे वेगळे करून दिले, म्हणून इंजिन ते ओढून नेऊ शकलं. सेवेला गुण देत नाही. त्या माणसाला सलाम.

ज्या मालाला वासच नाही त्याची भीती वेगळी. अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन पोलादाच्या जाड पेटीत, सुमारे पन्नास टनांच्या, रेल्वेने जातं. ब्रिटनमध्ये लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा १७ जुलै १९८४ रोजी ओल्ड डॅल्बीच्या चाचणी मार्गावर अशी एक पेटी रुळांवर आडवी टाकली आणि ताशी शंभर मैलांनी, ड्रायव्हर नसलेलं इंजिन तीन डब्यांसकट तिच्यावर घातलं. इंजिनाचा चेंदामेंदा. पेटीचा दाब किंचित उतरला, बस. माल सुरक्षित आहे हे दाखवायला गाडी मोडणारी ही जाहिरातच म्हणायची. पाठमोऱ्या ब्रेकव्हॅनमध्ये बसून मला त्या इंजिनाचंच वाईट वाटलं असतं.

एक फेरी मी या हिशेबात धरत नाही, पण गाळून पुढेही जाता येत नाही. जर्मन रेल्वेने ज्यूंना मृत्यूछावण्यांकडे गुरांच्या-मालाच्या डब्यांतून नेलं आणि भाडं मात्र तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांचं लावलं. किलोमीटरला चार फेनिग (जर्मन पैसे), एकेरी. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं, चार वर्षांखालच्यांना माफ. चारशे किंवा जास्त माणसं असतील तर गटाची सवलत. पहारेकऱ्यांना परतीचं तिकीट. हेही कोणीतरी मालबाबूनेच मांडलं, रकान्यांत, बेरीज जुळवून. त्या बाबूच्या शाईची दौत माझ्या दौतीसारखीच असणार, हा विचार मला झोपू देत नाही.

कातड्यांच्या त्या रात्री पहाटे सव्वासहाला धुकं उतरलं. सहा पंचविसाला सिग्नल पडला. गाडी हलली, आणि शंभर मीटरही गेलो नसू तोच ब्रेकव्हॅनमध्ये स्वच्छ हवा शिरली. पुढच्या स्टेशनला जर्नल, म्हणजे गार्डाची नोंदवही, दिलं. बाबूने ते हातात घेतलंच नाही, टेबलाच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी ठेवायला सांगितलं आणि वर दगड ठेवला. गाडी अडकल्याचं कारण लिहायच्या रकान्यात मी 'दुर्गंधी' लिहिलं होतं. त्याने लांबूनच वाचलं, म्हणाला, "या कारणाचा कोड नाही हो, काका. खोडा." मी खोडलं आणि 'क्रॉसिंग' लिहिलं.